आमच्या संघाचं फाटक

तिला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती उलटी चालत होती. भवानीनगरला शाळेच्या मैदानाच्या कडेनं तिची फेरी चालली होती, तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे. आम्ही मुली चालत येऊन वाटेत उभ्या राहिलो आणि हसायला लागलो. ती सरळ आमच्यापर्यंत येऊन थांबली आणि मागं वळूनही न बघता म्हणाली, "सरका की. पाच जनी हायसा, यकीला तरी अक्कल आसंल."

आम्ही पाचच होतो.

"न बघता कसं कळलं गं?" मी विचारलं.

"चपला वाजत्यात."

ती लासुर्ण्याची. वडील साखर कारखान्यात फिटर, घरचा थोडा ऊस, आणि घर बुद्धविहाराला लागून. मी कारखान्याच्या कॉलनीतली, वडील ऑफिसात. आमच्या भागात मुली खेळल्याच तर खो-खो नाहीतर कबड्डी. पण शाळेला खेळाचे सर मिळाले ते कोल्हापूरचे, आणि त्यांना फुटबॉल सोडून दुसरा कुठला खेळ हा खेळच वाटत नसे. माझी उंची बघून त्यांनी मला गोलकीपर केलं. तिला बचावाला, माझ्या बरोब्बर पुढं. का, तर म्हणाले, "बाकीच्या पोरी बॉलच्या मागं पळतात. ही माणसाच्या मागं पळते."

तेव्हापासून बारावीपर्यंत मी तिची पाठ बघत मोठी झाले. तिचा चेहरा कुणी मला काढायला सांगितला तर जमणार नाही, पण पाठ मी डोळे मिटून काढीन. उजवा खांदा जरा खाली, मानेवर वेणीचा घट्ट गोळा, आणि घामानं जर्सी चिकटली की मणके मोजता यायचे.

संघात तिला सगळ्या 'फाटक' म्हणायच्या. समोरची मुलगी बॉल घेऊन सुसाट आली तरी ही पुढं धावून जायची नाही. गुडघे वाकवून, हात जरासे पसरून मागं मागं सरकत राहायची. त्या मुलीला वाटायचं, आता सुटले. तेवढ्यात बॉल हिच्या पायात. मैदानाशेजारच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असायची. ट्रॉलीवर बसून मॅच बघणारे ड्रायव्हर ओरडायचे, "पडलं रं फाटक!"

मला टोपणनाव कुणी दिलं नाही. गोल अडवला तर लोक म्हणायचे, बॉल हातात आला. गोल झाला तर म्हणायचे, कीपरनं सोडला. ती तेवढी मला 'कीपर' म्हणायची. अजून तेच म्हणते. माझ्या लग्नात स्टेजवर येऊन तिनं माझ्या नवऱ्याच्या हातात हात दिला आणि म्हणाली, "जयभीम. कीपरला संबाळा." तो बिचारा वरातीपर्यंत विचारत होता, कीपर कोण?

त्याच लग्नात तिनं आणखी एक केलं. पंगतीत सगळ्यात शेवटची जागा धरली, भिंतीला पाठ लावून. कुणीतरी म्हणालं, इकडं पंख्याखाली बस. तर म्हणाली, "न्हाय, हितनं समदी दिसत्यात." पाठीमागं मोकळी जागा असली की तिला घास उतरत नसे. आणि माणसांशी बोलताना ती तोंडाकडे बघत नसे, कमरेकडे बघायची. माझ्या आत्याला ते फार लागलं. "कुठं बघती गं तुझी मैत्रीण?" ती आत्याला शांतपणे म्हणाली, "तोंड फसवतं, पाय बी फसवत्यात. कंबर जिकडं वळली तिकडंच मानूस जातं." आत्यानं पदर नीट केला आणि दुसऱ्या खोलीत गेली.

खोटं तिला बोलताच येत नसे. हा काही मोठा गुण म्हणून मी सांगत नाही. त्याचा त्रासच जास्त. तिला बघायला पाव्हणे आले तेव्हा तिनं चहाचा ट्रे खाली ठेवायच्या आधीच सांगितलं, "सैपाक येत न्हाय, आन् शिकायचा बी इचार न्हाय." पाव्हण्यांनी चहा घेतला, पोहे तसेच ठेवले.

बारावीनंतर राज्याच्या शिबिराला पुण्याला आम्ही दोघी गेलो. यादीत तिचं नाव आलं, माझं आलं नाही. मी घरी आले, सहा-सात महिन्यांनी माझं लग्न ठरलं, आणि मी बारामतीला नांदायला आले. ती तिकडून जी सुटली ती सुटलीच. आधी दुसऱ्या राज्यांतले क्लब, मग नेपाळ, मग मालदीव, मग उझबेकिस्तान, मग सर्बिया. लासुर्ण्याहून इंदापूरला जायचं तर आमच्याकडच्या बायका आदल्या दिवशी साडी काढून ठेवतात, आणि ही एक बॅग घेऊन ताश्कंदला उतरत होती.

तिचे फोटो यायचे ते मात्र विचित्र. कुठल्याही देशातून आला तरी फोटोत फक्त गवत, आणि गवतावर तिचा बूट. खाली लिहिलेलं, "हितलं गवत बारीक हाय, बॉल पळतो." नाहीतर, "हितं नकली हाय, गुडगं सोलतं." मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. कुणाच्या तरी दंडाला पट्टा बांधून शीर चाचपत असताना खिशातला मोबाईल थरथरायचा. मागून मी तो फोटो बोटांनी मोठा करून बघायची. गवत नव्हे, गवताच्या पलीकडे कोपऱ्यात काय दिसतंय ते. एकदा बर्फ होता. एकदा कुणाचं तरी लाल जाकीट.

कुणाचं भलं झालेलं बघवत नाही त्याला आमच्याकडे पोटात दुखतं म्हणतात. माझ्या पोटात दुखत नसे. माझे तळहात दुखायचे. हातमोजे घालून जोराचा बॉल धरल्यावर जशी झणझण होते तशी. मग मी पुढच्या पेशंटला म्हणायची, "मूठ आवळा."

या सगळ्यावर माझ्याकडे एक उत्तर तयार होतं. कुणी विचारलं, 'तुम्हीपण खेळायच्या ना?' की मी हसून म्हणायची, "हो, पण घरच्यांनी लग्न केलं. नाहीतर मीही गेले असते." ऐकणारी बाई हळहळायची. सासूबाई जवळ असल्या तर गप्प बसायच्या. त्या सोमेश्वरनगरच्या, बोलायला फटकळ, पण या एका वाक्यापुढं त्यांनी कधी तोंड उघडलं नाही.

एका वर्षी ती सुट्टीला आली तेव्हा लासुर्ण्यात तिचा सत्कार झाला. मीही गेले होते, बालमैत्रीण म्हणून पहिल्या रांगेत. एक पुढारी भाषणाला उठले आणि म्हणाले, "आपल्या या लेकीनं चार-चार देशांत गोलांचा पाऊस पाडला!" टाळ्या झाल्या. मग तिच्या हातात माईक दिला. ती म्हणाली, "जयभीम. मी गोल केला न्हाय."

पुढाऱ्यांनी तिच्याकडे मान वळवली.

"यक केला हुता मालदीवला. तो बी आपल्याच जाळ्यात."

पुढारी जरा गडबडले. "मग... मग ताई, तुम्ही तिकडं केलं काय?"

"दुसऱ्यास्नी करू दिलं न्हायत."

क्षणभर मला फार बरं वाटलं. म्हटलं, झाली फजिती. पण मंडपाच्या मागच्या बाजूला बायका बसल्या होत्या, तिथून हशा उठला आणि मग टाळ्या, आधीपेक्षा दुप्पट. तिनं शाल काढून आईच्या खांद्यावर टाकली आणि ती मंचामागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. मी नारळ हातात धरून बसले होते; तो मला कुणी दिला होता आठवत नाही.

पुढं सर्बियात तिचा गुडघा गेला. ऑपरेशन पुण्यात झालं, आणि डॉक्टरांनी रोजचे व्यायाम सांगितले. लासुर्ण्याहून रोज एसटीनं बारामतीला येणं तिला जमण्यासारखं नव्हतं. आमचा फ्लॅट तळमजल्यावर, व्यायामाचं सेंटर चालत पाच मिनिटांवर. नवऱ्यानंच सुचवलं, "तुझ्या मैत्रिणीला इकडं बोलव की." तो एमआयडीसीत दूध डेअरीत शिफ्टला असतो, घरात कुणी आलं तर त्याला बरंच वाटतं. मी हो म्हणाले. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

ती आली आणि आठवडाभरात सासूबाई तिच्या झाल्या. पहिल्याच जेवणाला ती म्हणाली, "मावशी, पिठलं खारट हाय." मी घास हातात धरून बसले, आता काय होतंय बघत. सासूबाईंनी चाखून पाहिलं. "व्हय गं पोरी. हे दोगं कदी सांगतच न्हायत." आणि खळखळून हसल्या. माझ्या लग्नाला दहा वर्षं होऊन गेली; असं हसताना मी त्यांना फारसं पाहिलं नव्हतं.

प्रत्येक देशात ती तिथल्या भाषेतले नेमके शब्द शिकून घ्यायची. डावी, उजवी, माझा, सोड. "यवढ्यावर दोन वर्सं निघत्यात," ती सांगायची. त्यामुळं तिला पाच भाषा येत होत्या, पण कुठल्याच भाषेत पाणी मागता येत नव्हतं. दूध उतू जायला लागलं की बाहेरच्या खोलीतून "मोया!" असं ओरडून लंगडत गॅसकडे धावायची. मोया म्हणजे सर्बियात 'माझा'. थोड्याच दिवसांत सासूबाईही कुकरची शिट्टी झाली की "मोया" म्हणून उठायला लागल्या. उझबेकिस्तानच्या मुलींना तिनं उलट जयभीम शिकवला होता. व्हिडिओ कॉलवर गोऱ्या गोऱ्या पोरी हात जोडून "जयभीम, मावशी" म्हणायच्या, आणि सासूबाई कपाळावर पदर ओढून त्यांनाही जयभीम करायच्या. दुपारी दोघी तिच्या जुन्या मॅचची रेकॉर्डिंग बघत बसत. मी लॅबमधून आले की सासूबाई मला सांगायच्या, "अगं, ही पुडं पळतच न्हाय बग. त्यास्नी यिऊ देती. लई हुशारीचं काम हाय." जणू मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू बसायला आल्या. ती सतरंजीवर पाय लांब करून, व्यायाम म्हणून टॉवेलच्या गुंडाळीवर गुडघा दाबत होती. सासूबाई मेथी निवडत होत्या. काकूंनी तिची चौकशी केली आणि मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हीपण खेळायच्या ना हो?"

मी नेहमीप्रमाणे हसले. "हो, पण घरच्यांनी लग्न केलं. नाहीतर—"

"न्हाय," ती गुडघा दाबत म्हणाली.

"काय नाही?"

"लगीन नंतर झालं. शिबिरात त्या निवडीच्या बाईंनी मला इचारलं हुतं, तुजी कीपर कशी हाय? मी म्हनलं, चांगली हाय, उच्चा बॉल सोडत न्हाय, पन डावीकडं उशिरा पडती. मग त्यांनी दुसरी घेतली."

काकूंनी कपातला चहा संपवला नाही. मुलीचा क्लास सुटायची वेळ झाली म्हणाल्या आणि गेल्या.

मी स्वयंपाकघरात गेले. ती मागं आली, दाराला टेकून उभी राहिली.

"तुला हे कधी सांगावंसं वाटलं नाही?"

"तू इचारलं न्हाईस."

"आणि त्या बाईंपुढं? चांगली आहे एवढंच सांगून गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

ती विचार करून बोलली. "तू संघात आली आसतीस. पयल्याच मॅचला डावीकडनं गोल खाल्ला आसता. मग त्यांनी तुला घरी धाडलं आसतं."

"मग धाडू देत!" माझा आवाज चढला, हातातलं उलथनं मी ओट्यावर आपटलं. "एक मॅच तरी खेळले असते ना मी! एक!"

तिनं उलथनं उचलून जागेवर ठेवलं आणि माझ्या पायांकडे बघितलं. मग म्हणाली, "ह्ये मला तवा सुचलं न्हाय."

रात्रीच्या भाकरी थापताना सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "यक सांगू? इतकी वर्सं मला वाटायचं, आमच्या घरापायी तुजा खेळ सुटला. लई खायचं ते मनाला. आज बरं वाटलं बग." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांचं ओझं उतरलं होतं, आणि माझ्याकडे जो एक आधार होता तो त्याबरोबर गेला होता. मी भाकरी परतली. ती करपली होती.

त्यानंतर मी तिच्याशी कामापुरतंच बोलत होते. तिला ते कळलं की नाही देव जाणे. ती आपली उलटी चालत होती, पिठल्याला नावं ठेवत होती. एके दिवशी म्हणाली, "डॉक्टर म्हनत्यात आता बॉल मारा. जाळ्यात कुनी नसलं तर मला मारता यीत न्हाय. सकाळी चलतीस?"

"मला काम असतं. सोसायटीच्या वॉचमनला उभं कर."

तिनं खरंच वॉचमनला उभं केलं. सकाळी लॅबला जाताना कॉलेजच्या मागच्या मैदानावरून माझी वाट जाते. बघते तर गोलात वॉचमनकाका, खाकी पँट, पायात प्लास्टिकची चप्पल, हात पसरून उभे. ती हळूच बॉल मारत होती आणि ओरडत होती, "लई भारी, काका!" ही तीच बाई, जिनं मला इतक्या वर्षांत एकदा 'भारी' म्हटलं नव्हतं. मी स्कूटी उभी केली, डबा डिकीत टाकला, ओढणी कमरेला बांधली आणि सरळ गोलात गेले.

"काका, तुम्ही बाजूला व्हा."

काका सुटल्यासारखे निघून गेले. तिनं बॉल ठेवला.

"डावीकडं मार," मी म्हणाले.

तिनं मारला. मी पडले आणि बॉल माझ्या बोटांपुढून आत गेला. पुन्हा मारला, पुन्हा गेला. सकाळी फिरायला आलेली माणसं थांबून बघायला लागली. माझं कोपर सोललं, सलवार गुडघ्यावर फाटली.

"थांब," ती जवळ आली. वाकून तिनं माझ्या उजव्या पायावर बोट ठेवलं. "पडायच्या आदी तू हितं बसतीस. सगळं वजन ह्या पायावर टाकतीस, आन् मग उटतीस. तितंच येळ जातो. बसू नगंस. डावा पाय नुसता टाक आन् जा."

मी पाय मागं घेतला. "हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तवा मला दिसायचं न्हाय. तू माज्या पाठीमागं हुतीस. मी वळून बगायची तवर तू पडल्याली आसायचीस." ती कपडे झटकत उभी राहिली. "सर्बियात यक कोच यका कीपर पोरीला शिकवत हुती. तिचं बी आसंच हुतं. बगितलं आन् लगीच कळलं, आपल्या कीपरचं ह्येच हुतं."

"मग फोन करायचा."

"फोनवर पाय कसा दावनार?"

ती परत मागं गेली आणि मारला. मी डावा पाय टाकला आणि गेले. बॉल तळहाताला लागून खांबाबाहेर गेला. फिरणाऱ्यांपैकी एका आजोबांनी टाळ्या वाजवल्या. ती फक्त म्हणाली, "हां. आता ठीक हाय," आणि पुढचा बॉल ठेवला. लॅबमध्ये त्या दिवशी मी उशिरा पोचले, कोपराला पट्टी बांधून. पुढं जवळजवळ दोन महिने रोज गेले. काही अडवले, पुष्कळ सोडले. सासूबाई आमचे मळलेले कपडे वेगळे भिजवायला लागल्या.

गुडघा बरा झाल्यावर तिनं सायप्रसच्या एका क्लबचं बोलावणं घेतलं. वय झालं होतं, सगळे नको म्हणत होते. ती म्हणाली, "मागं मागं सरकायला पळावं कुटं लागतं?" जाताना सासूबाईंनी तिला शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. माझा हात तिनं हातात घेतला, तळवा उलटून बघितला आणि सोडून दिला. तेवढाच निरोप.

परवाच्या रविवारी संध्याकाळी तिची मॅच मोबाईलवर दिसत होती. सासूबाई चष्मा लावून माझ्याजवळ येऊन बसल्या. ती आता जरा जड झाली आहे, पण पाठ तीच. तिच्या मागं गोलात एक पोरगी होती, वीस-एकवीसची, उंच, केस आखूड कापलेले. कॉर्नर आला. ती पोरगी सगळ्यांच्या डोक्यांवरून उठली आणि दोन्ही हातांनी बॉल वरच्या वर घेतला. आमच्या बाईनं मागं वळून तिच्या पाठीवर जोरात थाप मारली, कानात काहीतरी बोलली, आणि दोघी हसल्या.

"ती मागची पोरगी कोन गं?" सासूबाईंनी विचारलं.

"कीपर."

"बरी खेळती का?"

मी आणखी थोडा वेळ बघितलं.

"चांगली आहे," मी म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगली आहे."

सासूबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग यवढं तोंड पाडायला काय झालं?"

"ती हिच्या मागं उभी आहे ना," मी म्हणाले.